ज्वारीच्या पिठावरचा पतंग

फुलपाखरं ओळखायचा नाद लागल्यापासून मी माणसांशी फटकून वागतो, असं घरचे म्हणतात. खोटं नाही. कुणी पतंगाला फुलपाखरू म्हटलं की माझं डोकं फिरतं. लोक मोबाइलवर धुरकट फोटो पाठवून "हे कोणतं?" म्हणून विचारतात, आणि त्यात फुलपाखरापेक्षा पाठवणाऱ्याचा अंगठाच जास्त दिसतो. मी वाळूजच्या एका कारखान्यात कामाला आहे, बजाजनगरात राहतो, आणि सुटीला गावी जाऊन वेरूळच्या डोंगरात हिंडतो. त्याच डोंगरात आमच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं चारली. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. ते म्हणायचे, "मेंढरामागं फिरलास तर लोकर तरी मिळंल. ह्याच्यातून काय मिळतंय?"

यंदा चैत्रात मी रजा काढून गावीच होतो, कारण माय जाणार हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. अन्ननलिकेचा कर्करोग. थंडीत आधी भाकरी अडकायला लागली, मग भात, मग पाणीसुद्धा. शेवटी पोटाला भोक पाडून नळी बसवली. त्या नळीतून दादा दिवसातून चार-पाच वेळा पेज नाहीतर दूध सोडायचे. एक थेंब सांडू द्यायचे नाहीत. माय भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. पोटात काहीतरी जात होतं, पण तिला ते जेवण वाटत नव्हतं. ती रोज भाकरी मागायची. घासभर द्या, नाहीतर नुसती चघळून थुंकते म्हणायची. घास घशात अडकला तर तिथंच खेळ खलास, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून दादा नाही म्हणायचे. आणि स्वतःची भाकरी घेऊन गोठ्यामागं जाऊन उभ्याउभ्या खायचे.

मला घरात बसवत नव्हतं. ऊन चढायच्या आत मी तासभर बाहेर पडायचो. उन्हाळा लागताना डोंगरात फारसं काही उरत नाही. ओढा कोरडा, गवत वाळून पिवळं पडलेलं. रुईच्या झुडपांवर थोडी नारिंगी फुलपाखरं होती, आणि गावच्या हापशाजवळ सांडपाण्याच्या चिखलावर काही पांढरी येऊन बसायची. बहुतेकांचे पंख झिजलेले. दाराजवळच्या कढीपत्त्यावर बहुरूपी फुलपाखराची हिरवीगार अळी होती. तिनं दोन दिवसांत एक फांदी ओरबाडून खाल्ली. एरवी मी तिचे शंभर फोटो काढले असते. तेव्हा मात्र तिचं ते खाणं बघून मला राग आला, उगाच, त्या एवढ्याशा अळीचा.

माय दुपारी गेली. दिवस मावळायच्या आत आम्ही सगळं उरकून आलो. ओसरीवर बसलेल्या बाया हळू आवाजात बोलत होत्या, "उपाशी गेली बिचारी. जीव अडकंल कुठंतरी." दादांनी ते ऐकलं. तेव्हापासून त्यांच्या तोंडी दुसरं काही नव्हतं. पाणी दिलं तरी हातात तांब्या धरून म्हणायचे, "उपाशी गेली रं ती. मी दिली नाय."

आमच्याकडे माणूस जिथं गेलं ती जागा सारवतात, तिथं पीठ चाळून पसरतात, दिवा लावतात आणि वर दुरडी पालथी घालतात. सकाळी दुरडी उचलून पिठावर कशाची पावलं उमटलीत ते बघायचं. ज्याची पावलं, तो जन्म त्या माणसाला मिळाला. माझा ह्यावर काडीचा विश्वास नाही. मुंगळ्यांची आणि उंदरांची पावलं असतात ती, असं मी आजवर दहा जणांच्या तोंडावर सांगितलंय. ह्या वेळी गप्प बसलो. आमच्याच घरात राहणाऱ्या आत्यानं घरातलंच ज्वारीचं पीठ चाळलं.

सकाळी तिनं दुरडी उचलली तेव्हा आम्ही तिघंच तिथं होतो, ती, दादा आणि मी. पावलं नव्हती. पिठावर मऊ कुंच्यानं झाडल्यासारखे फराटे उमटले होते, आणि दुरडीच्या आतल्या बाजूला एक जाडजूड तपकिरी पतंग बसला होता. अंगावर दाट लव, पाय पिठानं पांढरे झालेले. दिव्याच्या उजेडाला दुरडीच्या मोडक्या कडेतून आत शिरला असणार.

"पाखरू हाय," आत्या म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "तुला कळतंय ना ह्यातलं? सांग की, काय हाय ते."

मी पतंग आहे म्हणून सांगितलं. बाभळीवर ज्या केसाळ अळ्या असतात, अंगाला लागल्या की खाज सुटते, त्यांच्यातला. पोट अंड्यांनी फुगलेलं होतं, तेव्हा मादी. माझ्या तोंडून मादी हा शब्द निघाला आणि आत्यानं हंबरडा फोडला. "बाईच हाय रे दादा, तीच आली!"

दादा रडले नाहीत. गुडघ्यांवर हात टेकत खाली बसले आणि त्या पतंगाकडं बराच वेळ बघत राहिले. मग मेंढरं राखलेला माणूस कुठल्याही जनावराबद्दल जे आधी विचारील तेच त्यांनी विचारलं.

"काय खातंय हे?"

फुलांचा रस, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण हा पतंग काहीच खात नाही. त्याला खायला तोंडच नसतं. थोडे दिवस जगतो, अंडी घालतो आणि मरतो. खोटं बोलायचं माझ्या मनात आलं, नाही असं नाही. पण मला वाटलं, इथं खरं बोलण्यातच त्यांना आधार आहे. जिला घास गिळता येत नव्हता, तिला आता गिळायचंच नाही. ह्याहून चांगलं मी काय सांगणार होतो? उलट मला मनातून बरंच वाटलं, की माझ्या ह्या रिकामटेकड्या नादाचा एकदा तरी घरच्यांना उपयोग होतोय.

"काही खात नाही, दादा," मी म्हणालो. "त्याला भूकच नसते. गिळायचं नाही, दुखायचं नाही. अळी असते ना, तेव्हाच पोटभर खाऊन घेते. मग ते आयुष्यभर पुरतं."

दादांनी मान वर केली. मला वाटलं, पटलं.

"तवाच खाऊन घ्यायचं व्हय?" ते म्हणाले. "आन् तवाबी नाय खाल्लं तर?"

मी दुरडीतल्या पतंगाकडं बघू लागलो.

"लगीन होऊन आली ती चौदा वर्साची व्हती. रानात मेंढरामागं आम्ही धा जण खाणारे. समदे उठल्यावर बसायची ती. टोपल्यात असंल तर खायची, नाय तर पाणी पिऊन भांडी घासायला घ्यायची. कवा पोटभर खाल्लं तिनं, सांग. तुला लई कळतंय ना ह्यातलं?"

आत्यानं पदर तोंडाशी धरला. खोलीत आम्ही तिघं होतो, आणि तिघंही तिच्या आधी जेवून उठणारे होतो.