हसत हसत गेला म्हणे

दादा कॅथलिक फादर होता. आफ्रिकेतल्या एका मिशनच्या शाळेत शिकवायचा, तिथंच बंदूकवाल्यांनी त्याला मारलं. शवपेटी सोलापूरला आली ती बंद. उघडू नका म्हणाले. आम्ही तशीच पुरली.

तेव्हापासून जुळे सोलापूर भागातल्या आमच्या फ्लॅटवर येणारा प्रत्येक फादर एकच सांगायचा. हसत हसत गेला म्हणे, मारणाऱ्यांना माफ केलं म्हणे. अहो, पण बघितलं कुणी? असं विचारलं की चहाच्या कपात बघत बसायचे. माझं डोकंच फिरायचं.

आईला तर यातलं काहीच पटत नव्हतं. "गल्लीत कुत्रं भुंकलं तर माज्या पदराआड शिरायचा त्यो. बंदुकीम्होरं हसतोय व्हय? ही लोकं लपवत्यात कायतरी. पेटीत दुसराच कोण तरी हाय."

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, चर्चचे सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. आई दरवर्षी दादाच्या थडग्यापाशी जाऊन नुसती उभी राहायची. परक्याच्या पोराला आपलं म्हणायची तिला धास्ती वाटायची. खरं सांगते, आतून मलाही तेच वाटायचं.

यंदा त्याच दिवशी सकाळी वसईकडचे एक फादर आले. तिकडे आफ्रिकेत दादाबरोबरच राहायचे. बसले, आणि सुरू, "हसत हसत..."

"फादर, तेच सांगायचं असेल तर चहा घ्या आणि निघा," मी म्हणाले.

त्यांनी कप खाली ठेवला.

"भ्याला होता," ते म्हणाले. "आम्ही दोघं पलंगाखाली लपलो होतो. लटलट कापत होता, माझा हात सोडत नव्हता. बाहेर शाळेच्या पोरींना ओढत न्यायला लागले, तसा 'आई गं' म्हणाला आणि बाहेर गेला. पोरी सुटल्या. मी पलंगाखालीच राहिलो. हसण्याचं मीच सांगितलं सगळ्यांना. काय सांगणार होतो दुसरं?"

मला त्यांचा इतका संताप आला की घराबाहेर काढावंसं वाटलं.

आई मात्र भिंतीला टेकून मोठ्यानं रडायला लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "त्योच! माजाच हाय गं त्यो!"

मग तिनं डोळे पुसले, मला मेणबत्त्या काढायला सांगितल्या आणि पायात चपला घातल्या. फादर मान खाली घालून बसले होते.

"उठा की," आई त्यांना म्हणाली. "तुमचाबी हात धरला हुता न्हवं त्यानं? चला."