कुणी राहिलंय का?

भय्यासाहेब पाग्यांना हल्ली तिरडी बांधायला फार वेळ लागतो, अशी उज्जैनच्या फ्रीगंजातल्या मराठी मंडळींची कुरकुर आहे. मधेच सुतळी खाली ठेवतात, घरात जातात, धावपळ करणाऱ्या घरधन्याला हाताला धरून मयताजवळ नेऊन बसवतात आणि स्वतः बाहेर येऊन उभे राहतात. मंडळी घड्याळं बघतात. वय झालं, म्हणतात. वय-बिय काही नाही हो! कारण वेगळंच आहे.

पूर्वी कुणाकडे काही झालं की डॉक्टरच्या पाठोपाठ फोन भय्यासाहेबांना. विजेच्या ऑफिसातल्या नोकरीपासूनची ही हौस, हौसच म्हणायची. देवास गेटहून बांबू आणि मडकं आणायचं, गुरुजींना गाठायचं, चक्रतीर्थाच्या स्मशानात लाकडं सांगायची, सगळं त्यांच्या डोक्यात. घरच्यांनी नुसतं रडायचं. शेवटचं पाणी घालायची वेळ आली की भय्यासाहेब तुळशीच्या पानांची वाटी घेऊन उशाशी उभे राहायचे, एकेकाला पुढे घ्यायचे आणि शेवटी खणखणीत आवाजात विचारायचे, "कुणी राहिलंय का? बाद में मत बोलना!" मग गाठी मारायचे. या कामात त्यांचा हात धरणारं अख्ख्या उज्जैनात कुणी नव्हतं.

परत आले की मागच्या दाराशी गरम पाण्याची बादली तयार असायची. "आलात लष्कराच्या भाकऱ्या भाजून?" अलकाताई, त्यांची बायको, आतूनच विचारायच्या. एकदा मात्र त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ऐका हो. माझ्या वेळी हे काही करायचं नाही. दोऱ्या-बिऱ्या दुसऱ्यांना बांधू देत. तुम्ही माझ्याजवळ बसायचं. बस, इतकंच."

भय्यासाहेब हसले. "अगं, तुझं काम मी दुसऱ्यावर सोडीन होय?"

"कामाचं नाही म्हणत मी," अलकाताई म्हणाल्या आणि आत गेल्या. भय्यासाहेबांना ते काही कळलं नाही. साऱ्या गावाला शहाणपण पुरवणाऱ्या माणसाला बायकोचं साधं बोलणं कळू नये, काय म्हणावं!

गेल्या माघात अलकाताई पहाटे झोपेतच गेल्या. मुलगी देवश्री देवासहून सकाळीच आली, मुलगा सौमित्र पुण्याहून दुपारी पोचला. जमलेल्या बायका म्हणाल्या, अहेव गेली, सोनं झालं. कसलं सोनं! घराचं घरपण गेलं.

आणि भय्यासाहेब कुठे? अंगणात. कुणी बांबूला हात लावला की ओरडायचे, "छोडो, छोडो, तुम्हाला जमणार नाही!" मनात एकच होतं, अलकाच्या कामाला कुणी नाव ठेवता कामा नये. प्रेमच होतं ते, दुसरं काय. फक्त अंगणात होतं.

देवश्री बाहेर आली. "बाबा, आईजवळ बसा ना जरा."

"आलोच. सुतळी कमी पडतेय."

थोड्या वेळानं ती परत आली. "बाबा, चला ना."

"हो गं, गाडीवाल्याला एवढं सांगतो न् येतो."

त्यानंतर ती आली नाही.

पाणी घालताना वाटी त्यांच्याच हातात. सौमित्रनं घातलं, देवश्रीनं घातलं, शेजारणींनी घातलं, दारातल्या दूधवाल्यालासुद्धा त्यांनी हाक मारून पुढे घेतलं. मग सवयीनं आवाज दिला, "कुणी राहिलंय का? बाद में मत बोलना!"

मंडळी मागे सरली. सगळ्यांना वाटलं, यांनी सगळ्यात आधी घातलं असेल. भय्यासाहेबांनी गाठी मारल्या. अशा मारल्या की चक्रतीर्थापर्यंत एकही हलली नाही. तिथंही ते लाकडं नीट रचली की नाही, तेच बघत राहिले.

संध्याकाळी घरी आले ते मागच्या दाराशी जाऊन उभे राहिले. बराच वेळ उभे होते. बादली नव्हती. देवश्रीनं हाक मारली तेव्हा गार पाण्यानंच आंघोळ करून आत आले.

अलकाताईंना जिथं ठेवलं होतं तिथं दिवा लावला होता. शेजारी ती वाटी, तशीच. तळाशी घोटभर पाणी होतं, त्यात तुळशीची दोन-तीन पानं.

भय्यासाहेब वाटीकडे बघत राहिले.

"देवश्री," ते म्हणाले, "मी घातलं का गं पाणी?"

देवश्री रडायला लागली.

भिंतीला धरून भय्यासाहेब हळूहळू खाली बसले. वाटी मांडीवर घेतली. दिव्याच्या अगदी जवळ सरकले.

"बसलो बघ, अलका," ते म्हणाले. "आता कुठलं काम नाही राहिलं."