राजगिऱ्याच्या डब्यातली नागली

एकादशीच्या आदल्या दिवशी मी साडूंकडे नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ नेलं, त्यांचा नागलीचा डबा काठोकाठ भरल्यावर उरलेलं शेजारच्या राजगिऱ्याच्या डब्यात ओतलं आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या घराचा उपास मोडला. दुसऱ्या कुठल्याही घरात माझा उद्धार झाला असता. पण आमच्या थोरल्या साडूंसारखा माणूस गोदावरीच्या दोन्ही काठांवर दुसरा नाही. अर्धं थालीपीठ हातात धरून ते ओरडले, "साडूभाऊ, सापडली! शेवटची अट सापडली!"

साडू सॉफ्टवेअर कंपनीत आहेत. संगणकातल्या प्रत्येक रकान्याचा अर्थ काय, तो कशात मोजायचा, हे जिथे लिहून ठेवतात त्याला म्हणे डेटा डिक्शनरी म्हणतात. ती सांभाळणारं नवं सॉफ्टवेअर कसं असावं, याच्या अटी ठरवणं हे त्यांचं निवृत्तीपूर्वीचं शेवटचं काम. माणूस त्यासाठीच जन्माला आलेला. मिठाईवाल्याला विचारणार, "ताजं म्हणजे कधीचं?" लग्नपत्रिका देणाऱ्याला, "सहकुटुंब म्हणजे किती?" एकदा मिसळीच्या दुकानात "तिखट म्हणजे कोणाच्या मते?" असं विचारलं, तर पोऱ्याने रश्श्याची वाटी पुढे सरकवली आणि म्हणाला, "काका, चाखा, अन् तुम्हीच ठरवा." तेव्हा साडू खूश. "बघा, विचारलं की मार्ग निघतो."

"डब्यावर चिठ्ठी होती," ते मला समजावत होते, "पण आतलं बदलताना, ज्यांचा उपास होता त्यांना कोणी विचारलं?" म्हणून अट अशी: अर्थ बदलायचा असेल, तर तो वापरणाऱ्या प्रत्येकाने हो म्हटल्याशिवाय बदलू द्यायचा नाही. त्यांचा तरुण साहेब वैतागला. "काका, अर्थ लिहिला की झालं. ही परवानगीची भानगड काढून टाका." साडू म्हणाले, "मग माझं नावही काढा." शेवटी ठरलं, नमुना बनवून लासलगावच्या गिऱ्हाइकाला, एका कांदा व्यापाऱ्याला दाखवायचा, त्याला कटकट वाटली, तर अट रद्द.

साहेब आपल्या गाडीने पुढे गेला, साडूंची गाडी मी चालवली. निघताना बायको मला 'नीट चालवा' म्हणाली, तरी साडूंनी 'नीट म्हणजे कशी' हेसुद्धा विचारलं नाही. तेव्हा मला त्यांची काळजी वाटली.

व्यापारी खुर्चीत रेलून म्हणाला, "वजन म्हणजे आत्ता खरेदीचं हाय ना? ते कांदा साठवायच्या चाळीत सुकल्यावरचं करा. त्यात काय एवढं!" साहेबाने तसा बदल केला. पडद्यावर उमटलं: शेतकऱ्याची पावती, चाळ, ट्रक आणि हिशेब यांच्या होकाराशिवाय बदल होणार नाही.

व्यापारी सरळ बसला. "थांबा, थांबा. पावतीवर सुकल्याचं वजन गेलं, तर शेतकरी मला यार्डात उभं नाय करणार!" मग मांडीवर थाप मारून म्हणाला, "लय भारी! हे पहिलं द्या, बाकीचं मागून."

साहेबाने उठून साडूंचा हात हातात घेतला. "काका, अट राहणार. उदाहरण म्हणून राजगिराही." परतताना साडू गाडीत गात होते, कुठलं गाणं, ते विचारायची सोय नव्हती.

घरी येऊन मी हे सगळं बायकोला रंगवून सांगितलं. ती हसली.

"दाजी पहिल्यापासून तसेच," ती म्हणाली. "लग्नात ताईचं नवं नाव तांदळात लिहायचं होतं, तर ताटावरचा हात थांबवून त्यांनी आधी तिला विचारलं. ती नको म्हणाली, म्हणून ताई अजून सुमनच आहे. माझं नवं नाव लिहिताना तुमचं अक्षर मात्र फार सुरेख आलं होतं."