नानांची निळी चटई

नाना, माझे वडील, गेल्यावर आज पहिल्यांदा त्यांचं कपाट आवरलं. तळाशी त्यांची फोमची निळी चटई होती. तिच्या रबरी वासाबरोबर मला सातपुड्यातली ती चढण आठवली.

मी तेव्हा कॉलेजात होते. यावलहून आम्ही दोघं डोंगरात एका मुक्कामासाठी निघालो होतो. माझी पाठीवरची पिशवी नुसत्या कापडाची, आत पातेलं. अर्ध्या चढावर पाठ इतकी सोलवटली की मी म्हणाले, "नाना, परत जाऊ या."

नाना मूळचे साक्रीकडचे, अहिराणी बोलणारे. यावलला जन्मभर केळीच्या गाड्या भरल्या. त्यांनी माझी पिशवी रिकामी केली. स्वतःच्या पिशवीत पाठीशी ठेवलेली चटई काढली, गुंडाळून माझ्या पिशवीत उभी सरकवली आणि हाताने सैल केली. घडांना मार लागू नये म्हणून गाडीला आतून पानं लावतात, तशी ती कापडाला लागून गोल उभी राहिली. मधल्या पोकळीत त्यांनी माझं बाकीचं सामान भरलं.

"केळीना घड शे का तू, डाग पडाले?" ते हसले. "चाल आते."

पिशवी पाठीवर ताठ बसली. मी झपाझप पुढे चढत गेले. नानांची युक्ती, एवढंच तेव्हा वाटलं. पातेलं त्यांच्या पिशवीत गेलं होतं आणि तिथे आता चटई नव्हती, हे आज लक्षात येतंय.

जमिनीवर पसरली तरी चटई पुन्हा गोल होते. सपाट व्हावी म्हणून मी चारी कोपऱ्यांवर पुस्तकं ठेवली. थोड्या वेळाने पुस्तकं उचलली आणि चटईला हवं तसं वळू दिलं.