टेरिलीनचा कोपरा

"कापू नोका मास्तर, फाडा," असं म्हणून ती माझ्या हातातली कात्री बाजूला सारायची. मग कापडाची कड दातांत धरून असा हिसका द्यायची, की माप द्यायला उभं असलेलं गिऱ्हाईक आपला गळा चाचपायचं.

आसेगावात माझ्या शिवणाच्या दुकानाला लागूनच तिचं घर. दुकानातली कातरणं तिची, हे ठरलेलं. अंगणात बसून ती गोधड्या शिवायची. माप नाही, आखणी नाही. हाताला येईल तो तुकडा दुसऱ्याला भिडवायचा आणि चौकोन उभा करायचा. अंबाड्यात कायम दाभण खोचलेलं. कुत्रं असो की घासाघीस करणारी बाई, ती ते उपसून दाखवायची. टेरिलीनचं वेड तेव्हा खेड्यात नुकतंच पोचलं होतं. ते कातरण मात्र ती माझ्या अंगावर फेकायची.

"हे कापड घाम पेत नाही बाप्पा. याले गोधडीत कायले घेऊ?"

शेवटचा कोपरा शिवण्याआधी ती आत भाकरीचा तुकडा घालायची. गोधडीचं पोट रिकामं ठेवू नये म्हणायची. एवढी जहाल बाई, पण तो तुकडा लेकराला भरवावं तसा अलगद सरकवायची.

एकुलती लेक वाशीमला दिली होती. जावयाचा लग्नातला टेरिलीनचा सदरा मीच शिवला. पोरगी पहिल्यांदा परत आली तेव्हा भुवई फुटली होती. दुसऱ्यांदा हात मोडला होता. दरवेळी जावई यायचा, वस्तीतले दोन जाणते बसायचे, "बाईमानसाले सोसाच लागते" म्हणायचे आणि पोरीला त्याच्यामागं धाडायचे. ही दातओठ खात लेकीचं रक्ताळलेलं लुगडं तेवढं काढून ठेवायची. धुवायची नाही.

तिसऱ्यांदा पोरगी आली ती पोटातलं बाळ गमावून. लाथ बसली होती. या खेपेला धाडली तर ती जिवंत राहत नाही, हे सगळ्यांनाच कळत होतं.

जावई पुन्हा न्यायला आला. जावयाला नव्या गोधडीवर बसवायची आमच्याकडची पद्धत. तिनं अंगणात नवी गोधडी अंथरली. लग्नातला तोच टेरिलीनचा सदरा घालून तो ऐटीत बसला, जाणते शेजारी टेकले. मग ती एकेका चौकोनावर बोट ठेवू लागली.

"हे भुवई फुटली तवाचं. हे हात मोडला तवाचं. हे..." तिसऱ्या चौकोनावर तिनं नुसतंच बोट दाबून धरलं. लुगड्यांच्या तुकड्यांवरचे काळे पडलेले डाग आता सगळ्यांना दिसले. जाणते चटका बसल्यासारखे उठले. "अन् हा कोपरा उघडाच हाये. इथं कोनाचा तुकडा लावू, जवाईबुवा?"

त्यानं तिच्या थोबाडीत मारली. ती कोसळली. तो लेकीचे केस धरून तिला फरफटू लागला. ही उठली, दाभण उपसलं आणि त्याच्या दंडात अर्धंअधिक खुपसलं. तो गुरासारखा ओरडला. केस सुटले. तिनं त्याची बाही दातांत धरली आणि हिसका दिला. टेरिलीन काही फाटत नाही, पण मी घातलेली खांद्याची शिवण उसवली आणि अख्खी बाही तिच्या तोंडात आली. रक्त गाळत तो मोटारस्टँडकडे पळाला. पुन्हा कधी आला नाही. सासूनं दाभण खुपसलं, हे फौजदाराला कोणत्या तोंडानं सांगणार?

"बाई, हे काय केलं तुनं?" एक जाणता म्हणाला.

"घरी जा. निवाडा झाला."

ती तिथंच बसली. सुईत दोरा जाईना. मीच ओवून दिला. लेकीनं आतून भाकरीचा तुकडा आणला आणि स्वतःच्या हातानं गोधडीत सरकवला. त्यावर आईनं ती रक्ताळलेली बाही टाचली.

ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिची फार आठवण येते. लेक त्याच अंगणात गोधड्या शिवते. परवा ती जुनी गोधडी उन्हात घातलेली दिसली. सुती चौकोन धुऊन धुऊन विरलेत. टेरिलीनचा कोपरा तेवढा जसाच्या तसा.

"हा उसवून काहून टाकत नाही वं?" मी विचारलं.

"राहू द्या काका," ती म्हणाली. "झोपतानी पायाखाली घेतो मी त्याले."