सीडीतली हाक

फाईल डोळ्यांसमोर होती. नाव दिसत होतं, आकार दिसत होता, आणि मी चालव म्हटलं की कॉम्प्युटर म्हणायचा, अशी फाईलच नाही. अरे बाप्पा, मग मी काय आंधळी आहे का? पांढुर्ण्यातल्या एका खासगी शाळेत मी पोरांना कॉम्प्युटर शिकवते. शाळेतली मशीनं सगळी डबडी, नवं काही त्यांच्यानं ओढवत नाही, म्हणून मीच ती लिनक्सवर चढवली. तेव्हा लिनक्सची मला भीती नाही. पण त्या दिवशी शेजारी बाबा बसला होता, मांडीवर दोन्ही हात ठेवून, आणि मला त्या लॅपटॉपला एक रट्टा द्यावासा वाटत होता.

बाबाला आवाज नाही. तंबाखूच्या खर्ऱ्यानं गळा खाल्ला, नागपूरला ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. आता तो गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घेतो आणि त्यावर पांढरा दुपट्टा गुंडाळून ठेवतो. काही पाहिजे असलं की स्टीलच्या गिलासावर बोटानं टकटक करतो. ऐकू मात्र त्याला सगळं येतं, स्वयंपाकघरात आई त्याच्याबद्दल काय पुटपुटते तेसुद्धा.

आवाज होता तेव्हा तो एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालदार गडी होता आणि हिवाळ्यात शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, मालकाची जोडी हाकायचा. जोडी मालकाची, छकडा मालकाचा, जिंकल्यावर फेटाही मालकाच्याच डोक्यावर. हाक तेवढी बाबाची. आधी जिभेवर एक बारीक टिटकारी, मग लांब ‘हेऽऽ’, आणि ते मध्येच एकदम तुटायचं. तुटलं की बैल जे सुटायचे ते सुटायचेच. पटावर बसलेली माणसं धूळ खाली बसायच्या आधीच सांगायची, आला तो. दुसऱ्या कोणी ती हाक घालून बघितली तर बैल कानसुद्धा हलवत नसत.

ती हाक एका गेममध्ये होती. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला मी आणि माझ्या मैत्रिणीनं मिळून तो केला होता. ती सौंसरची, घरची संत्र्याची बाग, घरी ट्रॅक्टर. मी सालदाराची पोरगी. पण आमचं एका डब्यात जेवण होतं, तिच्या घरच्यांना ते माहीत होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. गेम शंकरपटाचाच. बैल, छकडे, धूळ, माणसं मी काढली. प्रोग्राम तिनं लिहिला. स्पेसबार दाबला की हाक यायची आणि जोडी सुटायची. हाक रेकॉर्ड करायला आम्ही तिचा मोबाईल घेऊन घरी गेलो, तर बाबा लाजून लाल.

“बैल समोर नसले तं हाक कशी निघंन वं? मी काय येडा आहो?”

मग त्यानं बंडी जुंपली, आम्हाला वावरात नेलं, आणि ही बया मोबाईल पुढं धरून बंडीच्या बाजूनं पळाली आणि कपाशीच्या पऱ्हाटीत तोंडावर पडली. मोबाईल मात्र हातात उंच धरलेला. लॅबच्या मशीनला स्पीकर नव्हते. एका इअरफोनचं एक टोक तिच्या कानात, एक माझ्या कानात, अशी ती हाक आम्ही ऐकली आणि एकमेकींकडं बघून वेड्यासारख्या हसलो.

कॉलेज संपलं. तिला नागपुरात नोकरी लागली. जायच्या आधी तिनं मला एक सीडी दिली. “ठेव वं, आपली आठवण. तुझ्या बाबाची हाक आहे याच्यात.” हे तिचे शब्द, मी पदरचं काही घालत नाही. माझ्याकडं तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. मी सीडी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आलमारीत साड्यांच्या खाली ठेवून दिली. पुढं दोनेक वर्षांत बाबाचा गळा गेला, आणि मग त्या सीडीला घरात वेगळाच मान आला. कारण दुसरीकडं कुठंच त्याचा आवाज नाही. भावाच्या लग्नाच्या व्हिडिओत बाबा पंगतीत वाढताना दिसतो, तोंडही हलतं, पण वर गाणी लावली आहेत.

माझ्याकडं कॉम्प्युटर आला तेव्हा मी एकदा सीडी लावली होती. तेव्हाही हेच उत्तर, अशी फाईल नाही. सीडी खराब झाली समजून मी खूप रडले आणि परत ठेवून दिली. मग यंदा भाची मोबाईलवर पटाचे व्हिडिओ बघत बसली होती. बाबानं गिलास वाजवला. माझ्याकडं बघून आधी स्वतःच्या गळ्याला हात लावला, मग आलमारीकडं बोट दाखवलं. इतक्या वर्षांत त्यानं काही मागितलं नव्हतं. मी म्हटलं, “बाबा, ऐकवतेच मी तुले.” असं बोलून बसले, आणि आता माघार नव्हती.

पहिली गोष्ट कळली ती अशी, की सीडी चांगली होती. गेम जुन्या बत्तीस बिटांच्या लिनक्सवर बनवलेला, माझं मशीन नवं. तसला प्रोग्राम सुरू करणारा जो लोडर लागतो तोच नव्या मशीनवर नव्हता, आणि कॉम्प्युटर ‘तो नाही’ म्हणायच्या ऐवजी ‘फाईल नाही’ म्हणत होता. तो लोडर घातला, तर एरर बदलली. आता म्हणे शेअर्ड लायब्ररी सापडत नाही.

हे मी पोरांना असं समजावते. लग्नात शंभर माणसांचा भात शिजवायचा तर कोणी नवीन गंज, म्हणजे तेवढं मोठं पातेलं, विकत घेत नाही. विहारातून समाजाची भांडी आणतात, सगळ्यांची लग्नं त्याच गंजात होतात. लायब्ररी म्हणजे तशी सामायिक भांडी. आवाज वाजवायची एक, चित्रं उघडायची एक. गेम त्या सोबत आणत नाही, घरात असतील म्हणून गृहीत धरून येतो. आणि नव्या घरातून ती भांडी कधीची मोडीत गेली असली की गेम दारातच बसून राहतो.

कोणती नाहीत ते एलडीडी नावाच्या कमांडनं कळतं. ती यादी दाखवते आणि नसलेल्याच्या पुढं ‘नॉट फाउंड’ लिहिते. एक आणून घातली की दुसरीचं रडणं सुरू. मला त्या कामाची चीड आली होती आणि चटकही लागली होती. आवाजाची लायब्ररी मिळाली तेव्हा मी शाळेच्या लॅबमध्ये टाळ्या वाजवल्या.

मैत्रिणीला मी रोज फोन करत होते. आता ती लग्न करून सौंसरातच आहे, घरी बसून कंपनीचं काम करते. पहिल्याच दिवशी तिनं म्हटलं, “सोडून दे वं. जुना गेम आहे, नाही चालत आता. काहून डोकं खपवून राहिली?” मला वाटलं, मी पुन्हा रडेन म्हणून बिचारीला काळजी. एका रविवारी बसनं सौंसरला गेले, मूळ कोड मागायला. कोड असता तर नव्यानंच बनवला असता. तिनं जामसांवलीच्या मारुतीचा पेढा हातावर ठेवला, संत्री सोलून दिली, आणि जुनी हार्डडिस्क गेली म्हणाली. मोबाईलमधलं रेकॉर्डिंग तर मोबाईलबरोबरच गेलं. निघताना संत्र्यांची थैली दिली. “काकांना दे माझ्याकडून.” माझ्या बाबानं चार दिवस ती संत्री खाल्ली.

शेवटी एकच लायब्ररी राहिली, चित्रं उघडणारी, फार जुनी. नवी होती, पण गेमला जुनीच पाहिजे. मैत्रिणीनं फोनवर सांगितलं, “नवीलेच जुनीचं नाव दे. लिंक टाक, चालून जाईन.” मी तसं केलं. गेम क्षणभर फसला, आणि मग म्हणाला, ही ती नाही, हिची आवृत्ती वेगळी आहे. तिला सांगितलं तर ती म्हणाली, “पाहा, म्हटलं होतं न तुले? नाही होत ते.” तिच्या आवाजात मला तेव्हा सुटका ऐकू यायला पाहिजे होती. पण मैत्रिणीच्या आवाजात कोण असं काही शोधत बसतं?

मी मग जुन्या पॅकेजांचा साठा हुडकला, त्यातून ती लायब्ररी काढली, गेमच्याच फोल्डरात ठेवली आणि सुरू करताना सांगितलं, आधी इथंच बघ. एलडीडीच्या यादीत एकही ‘नॉट फाउंड’ उरलं नाही. मी तिला फोन लावला, मला रडू फुटत होतं.

“सापडलं वं! सगळं सापडलं!”

“वाजवून पाह्यलं का?”

“नाही. पह्यला स्पेसबार बाबाच दाबंन.”

“आधी तू एकटीच ऐकून घे नं.”

“काहून?”

“काही नाही. असंच.” आणि तिनं फोन ठेवला. बस, एवढंच. सांगायला तेव्हाही वेळ होता.

रविवारी सकाळी बाबानं दाढी केली, धुतलेला सदरा घातला. मी लॅपटॉप स्टुलावर ठेवला, शाळेचा मोठा स्पीकर जोडला. आई पदराला हात पुसत आली, भाची मांडी घालून समोर. गेम उघडला. माझे बैल, माझी धूळ, सगळं जसंच्या तसं. मी बाबाचं बोट धरून स्पेसबारवर ठेवलं. “दाब.”

त्यानं दाबलं.

“हुर्र्या! चल बेटा, चल!”

कोणीतरी पोरगा ओरडला. हिंदी सिनेमात घोडा पळवतात तसा. बैल सुटले. भाची खिदळली, “आबा, असे वरडत होते तुम्ही?”

बाबानं पुन्हा दाबलं. हुर्र्या. पुन्हा दाबलं. मी मूर्ख, मला वाटलं लायब्ररी चुकीची लागली, आवाज कुठला तरी दुसराच येतो आहे. लायब्ररी कधी माणूस बदलते का? पण मन कुठं कुठं पळतं बघा, मैत्रिणीपर्यंत काही जात नव्हतं. बाबानं बोट काढून घेतलं, माझ्याकडं बघितलं, आणि हात हलवून सांगितलं, मी नाही.

मी तिथंच तिला फोन लावला. स्पीकरवर.

“कोणाचा आवाज आहे हा?”

ती म्हणाली, “भावाचा. माझ्या.”

“आणि बाबाचा?”

“मुलाखतीत दाखवायचा होता वं गेम. मी एकटीनंच केला म्हणून सांगितलं होतं. मग त्याच्यात तुझ्या बाबाचा आवाज कसा ठेवू? कोणाचा म्हणून विचारलं असतं तर? खोटं बोलावं लागलं असतं. म्हणून बदलवला.”

खोटं बोलावं लागू नये म्हणून! मला हसू आलं, असलं वाईट हसू आयुष्यात आलं नव्हतं. माझे बैल स्वतःचे म्हणून दाखवले, त्याचं तिला काही नाही.

“आणि मले सीडी देताना काय म्हटलं होतं तू?”

“मले वाटलं तू कधी लावणारच नाही. आता तर वाटलं होतं चालणारच नाही. इतक्या लायब्रऱ्या कोण शोधते वं?”

म्हणजे मी रोज तिला फोन करून सांगत होते आज काय सापडलं, आणि ती रोज देव पाण्यात ठेवून बसली होती, की पुढचं सापडू नये. मी तिच्या भरवशावर, ती त्या एररच्या भरवशावर. आणि वरून संत्री.

“ऐक,” ती म्हणाली, आता तिचा आवाज लाडीगोडीचा झाला होता. “काकांना सांगू नको. तोच आवाज होय म्हण. इतक्या वर्षांनी त्यांना कुठं आठवत असंन आपला आवाज कसा होता ते?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबानं हात पुढं केला. विनवून नाही, फोन दे म्हणून. मी दिला.

त्यानं फोन तोंडासमोर धरला. दुसऱ्या हातानं गळ्याचा दुपट्टा सोडला. छाती भरून श्वास घेतला, जीभ टाळूला लावली, मान थोडी वर केली, आणि तोंड उघडलं. पूर्ण हाक घातली त्यानं. ओठ लांबले, मध्ये जिथं तुटायची तिथं तुटले. गळ्याच्या भोकातून नुसती हवा आली, दुपट्ट्याचं टोक हललं.

“हॅलो?” पलीकडून ती म्हणाली. “हॅलो? कोण आहे? बोला नं.”

बाबानं पुन्हा एकदा तशीच हाक घातली. तिनं आणखी दोनदा हॅलो केलं आणि फोन कट केला.

त्यानंतर तिचे फोन येत राहिले. मी एकही उचलला नाही, आणि उचलणार नाही.