वाफ्यातला गूळ

काकवीचा वास आला की मला अजून मळमळतं. भूगोलाचा मास्तर म्हणून नवा लागलो होतो, तेव्हा सातवीचा वर्ग घेऊन माळेगावकडच्या एका गुऱ्हाळावर गेलो. चिपाडाचा धूर डोळ्यांत जात होता, माश्या घोंगावत होत्या. काहिलीतला गूळ थंड व्हायला वाफ्यात, म्हणजे जमिनीतल्या उथळ हौदात, ओतला होता, त्यावर साय धरत होती. मी काठीनं ती ढकलली. ती दुमडून वर आली आणि शेजारी जिथं फाटली तिथून कढत गूळ उसळला. “डोंगर आणि ज्वालामुखी, दोन्हीचं मूळ एकच, आतली धग,” मी मुलांना सांगितलं. “त्या धगीनं पृथ्वीचं कवच असंच सरकतं, म्हणून कुठं डोंगर उठतात, कुठं लाव्हा येतो. मंगळाचं सरकत नाही, म्हणून तिथं लाव्हा एकाच जागी साचून प्रचंड डोंगर झाला.” गुऱ्हाळाचे मालक, म्हातारे आबा, वाकून ऐकत होते. “म्हंजी समदी धरणी आमच्या वाफ्यावानी हाय,” म्हणत ते हसले आणि गालातली तंबाखूची गोळी थेट गुळात पडली. त्यांनी ती फावड्यानं ढवळून टाकली. “काय न्हाय होत, मास्तर.” गुऱ्हाळावरून पाहुणा गूळ न खाता जात नाही. गूळ आळल्यावर त्यांनी त्याच वाफ्यातला गोळा माझ्या हातावर ठेवला. नाही म्हणायची लाज वाटली. मी खाल्ला, वर गोड आहे म्हणालो, मग मुलांनीही खाल्ला. परवा इंदापूरच्या स्टँडवर त्यातली एक विद्यार्थिनी भेटली. डोंगर-ज्वालामुखीचा तो धडा तिला अजून पाठ आहे. जाताना म्हणाली, “गोळी पडलेली आमी पण बघितली होती, सर. तुमी खाल्ला म्हणून खाल्ला.”